पडद्याआडचा खलाशी

सरांच्या हातात छापील कागद दिला, की ते आधी तो पालथा करत. लग्नपत्रिका असो, औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर असो की नगरपालिकेची नोटीस, मजकुराकडे नजर जाण्यापूर्वी कागद उलटा झालेला असे. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी माझं नेमणुकीचं पत्र त्यांच्यापुढे धरलं होतं. घाटावरून नोकरीसाठी आलेल्या एकट्या माणसाला खोली देताना घरमालक निदान एवढं तरी बघेल, अशी माझी समजूत. सरांनी पत्र पालथं केलं, कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि परत दिलं.

"कागद बरा आहे," म्हणाले. "कॉलेज टिकेल तुमचं."

खोली मिळाली. वरच्या मजल्यावरची, खिडकीतून खाडी दिसणारी. पत्रात काय लिहिलं होतं ते त्यांनी वाचलंच नव्हतं, हे पुढे कळलं. माझा विषय कोणता, हे त्यांनी मी राहायला येऊन बराच काळ लोटल्यावर विचारलं. मी अर्थशास्त्र म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटली.

सर हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. मोहल्ल्यात त्यांना सगळे सरच म्हणत, मासळीवाल्या बायकासुद्धा. चिऱ्याचं घर, पुढे ओटा, मागे दोन माड आणि एक फणस. घराणं दर्यावर्दी. आजे, काके, मामे पाण्यावर गेलेले, त्यांची मुलं आखातात. सर मात्र आयुष्यात कधी होडीत बसले नाहीत. भाट्याच्या पुलावरून चालायची वेळ आली तर कठड्यापासून जितकं लांब राहता येईल तितकं राहत आणि मागच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या शांतपणे ऐकून घेत.

त्यांना एकच नाद होता, लढाईच्या पोस्टरांचा. दुसऱ्या महायुद्धापासून पुढच्या प्रत्येक लढाईत सरकारने भिंतींवर जे जे चिकटवलं, ते सर गोळा करत. ही पोस्टरं त्यांना भलत्याच ठिकाणी सापडत. वाण्याच्या फळीवर अंथरलेली, शिंप्याच्या खणाला आतून लावलेली. एक तर कुणाच्या नवरीच्या पेटीच्या झाकणाला आतल्या बाजूने डकवलेलं होतं. बिचारीने चाळीसेक उन्हाळे आपली लुगडी 'शत्रूच्या हेरांपासून सावध' या आदेशाखाली घडी करून ठेवली. सर ती पोस्टरं ओट्यावर पसरून बसत आणि मी कॉलेजातून आलो की मला उभा धरत.

"हा बघा, फौजेत चाललाय. हातात डबा, तोंडावर हसू. पोस्टरातल्या माणसाला घाम आलेला बघितलायत कधी?"

"नाही."

"येणारच नाही. आणि ही त्याची आई. ही कधी जेवत नाही, कधी झोपत नाही. ही फक्त निरोप देते. पोस्टरातल्या आईला दुसरं काम नसतं."

मग ते पोस्टर पालथं करत आणि त्यांच्या मते खरं बघण्यासारखं असेल ते बघत. खळीचे डाग, वाण्याने मागे केलेली तुरडाळीची बेरीज, छापखान्याचा अर्धवट शिक्का, वाळवीचा रस्ता. "पुढची बाजू त्यांनी केली," म्हणत, "मागची लोकांनी."

एकदा आमच्या कॉलेजने या संग्रहाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मध्यस्थ मीच असल्यामुळे नंतरच्या सगळ्या प्रकाराची जबाबदारीही माझ्याकडे आली. प्रदर्शनाला 'राष्ट्रचेतनेचे रंग' असं नाव दिलं गेलं, फीत आली, समई आली, एक माननीय आले. मांडणी माझी मी करीन, कुणी आत यायचं नाही, एवढीच सरांची अट होती. दार उघडलं तेव्हा सभागृहाच्या चारही भिंतींवर पिवळट कोऱ्या कागदांची रांग होती. सरांनी सगळी पोस्टरं भिंतीकडे तोंड करून टांगली होती. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी: कृपया स्वतः उलटा.

माननीयांनी समई पेटवली. त्या रांगेसमोरून हात जोडून सावकाश चालत गेले. भाषणात म्हणाले, की ही चित्रं पाहून ऊर भरून आला, आजच्या तरुणांनी या चेहऱ्यांसमोर नतमस्तक व्हावं.

प्राचार्य नंतर सरांना कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "हे काय केलंत हो?"

"चित्राला तुमच्यापर्यंत यायची फार घाई असते," सर म्हणाले. "म्हटलं, एकदा तुम्ही त्याच्याकडे जा. उलटा करायचा तर हात लावावा लागतो. हात लावला की माणूस जरा सावध होतो."

माननीय गेल्यावर मुलांनी मात्र एकेक कागद उलटायला सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत सभागृहात हसणं, ओरडणं, वादावादी चालली होती. इतकी गर्दी आमच्या कॉलेजने पुढे कधी पाहिली नाही. तसं प्रदर्शन पुन्हा भरवायचं नाही असाही ठराव झाला.

सरांच्या आतल्या खोलीत, जिथे भाभी, म्हणजे सरांच्या पत्नी, नमाज पढत, तिथे भिंतीवर एक छोटा हिरवा पडदा होता. वरून तार, तारेला पितळी कड्या. नमाजाच्या वेळी भाभी तो ओढून घेत, नंतर सरकवून ठेवत. मी बसायचो त्या जागेवरून पडद्यामागचं काही दिसत नसे. तिथे विजेचा मीटर असावा असं मी धरून चाललो होतो. मीटर दिवसातून इतक्या वेळा झाकायचं कारण काय, असा प्रश्न मला पडला नाही. घाटावरचा माणूस दुसऱ्याच्या घरात काही न समजणारं दिसलं, की ती तिथली रीत आहे असं म्हणून मोकळा होतो.

एका दुपारी लाईट गेली. मी मदत करण्याच्या उत्साहात आत गेलो आणि दुपारच्या नमाजानंतर ओढलेलाच राहिलेला पडदा सरकवला.

काचेच्या चौकटीत एक खलाशी होता. नौदलाची पांढरी टोपी, पांढरा गणवेश, कपाळावर आडवा हात, नजर दूर. गोरा रंग, गालांवर लाली, हनुवटीला खळी. मागे निळा समुद्र. वर मोठ्या अक्षरांत: मी इथे जागा आहे. खाली: तुम्ही काय करत आहात?

"फ्यूज बाहेर ओट्यावर आहे," मागून सर म्हणाले.

मी पडदा ओढायला लागलो तर म्हणाले, "राहू दे. आता बघितलाच आहात. हा आमचा भाई."

मी पुन्हा चित्राकडे बघितलं. सर काळेसावळे, बुटके, नाकाने बसके. त्या घरात अशी हनुवटी कुठून आली, हे विचारण्याइतका मी तेव्हा उद्धट नव्हतो.

"नाही नाही," सर म्हणाले, "हा भाई नाही. हा मुंबईच्या कुणा चित्रकाराने कुठल्या तरी इंग्रजी मासिकातून उचललेला मनुष्य आहे. पण हा भाई आहे."

पुढचं त्यांनी एका बैठकीत सांगितलं नाही. आज थोडं, महिन्याने थोडं, मध्येच विषय बदलून. मी ते जोडून सांगतो आहे.

सरांचा मोठा भाऊ मालाच्या गलबतावर खलाशी होता. इथून कौलं, बांबू न्यायचे, तिकडून मीठ, कापड आणायचं. एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत गलबत मुंबईला निघालं आणि मुंबईला पोचलं नाही. वाऱ्याने गेलं, कशावर आपटलं, की लढाईतलं काही लागलं, ते कुणालाच कळलं नाही. फळकूटही किनाऱ्याला लागलं नाही. भाईचा एकच फोटो होता, परवान्यावर चिकटवलेला, आणि परवाना त्याच्या खिशात होता. घरात दुसरा फोटो असण्याचा प्रश्न नव्हता. बाबांना, म्हणजे सरांच्या वडिलांना, घरात तसवीर चालत नसे.

आई वाट बघत राहिली. सर तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात. एका सकाळी ते बाजाराची पिशवी घेऊन आईबरोबर बंदरावर गेले असताना जकातीच्या भिंतीपुढे आई थांबली. लढाई संपली होती, पोस्टर राहिलं होतं. आईला वाचता येत नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली.

"ह्यो आपला भाई ना रे?"

सर म्हणत, की त्या क्षणी नाही म्हणायला फार अक्कल लागत नव्हती. रंग वेगळा, नाक वेगळं, भाई तर जन्मात गणवेश न घातलेला, लुंगी आणि गंजीफ्रॉकवर हिंडणारा. पण आईचा चेहरा त्यांनी बघितला.

"हो," ते म्हणाले.

"वर काय लिवलाय?"

"मी इथे जागा आहे."

"जागा हाय," आई म्हणाली. "म्हंजे हाय."

खालची ओळ सरांनी वाचली नाही. आईने विचारलीही नाही.

दुसऱ्या दिवशी गरम पाण्याची घागर आणि काथ्याचा कुंचा घेऊन आईने ते पोस्टर स्वतः भिंतीवरून सोडवून आणलं. कोपरे फाटले, मधून एक चीर गेली, पण चेहरा शाबूत आला. बाबा म्हणाले, "घरात तसवीर नको." आई त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी बाबाच बाजारातून तार आणि खिळे घेऊन आले, भिंतीत ठोकले आणि म्हणाले, "नमाजाच्या टायमाला पडदा ओढत जा." चित्रात कोण आहे याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. तेव्हाही नाही, मरेपर्यंतही नाही.

"त्यांना माहीत होतं?" मी विचारलं होतं.

"बाप होता हो तो. मुलाचं नाक कसं होतं हे बापाला कुणी सांगायला लागतं?"

त्या पडद्याचा परिणाम असा झाला, की त्या घरात भाई मेलाच नाही. तो मोठ्या जहाजावर होता, सरकारच्या कामावर होता, जागा होता. त्याच्या नावाने फातेहा पढायची तर तो मेला असं म्हणावं लागलं असतं, आणि आईच्या देखत ते कोण म्हणणार? ती फातेहा पढावी, बाबांची एवढी एकच इच्छा होती. ती मनात ठेवून ते गेले. आई पुढे पुष्कळ जगली. ईदला शिरखुर्म्याची वाटी चित्रापुढे धरून मग तीच वाटी सरांना द्यायची. एका मुलाचं झालं की दुसऱ्याचं.

"सरकारची पोस्टरं लढाई संपल्यावर निघाली," सर म्हणाले. "मी लावलेलं आई जाईपर्यंत चाललं. एकाच बाईसाठी होतं, पण काम चोख केलं. तिला रडू दिलं नाही."

"मग आई गेल्यावर काढून का टाकलं नाहीत?"

त्यांनी ओट्यावर पडलेलं कसलं तरी हँडबिल उचललं आणि पालथं करून बघत बसले.

मध्यंतरी पुन्हा वातावरण तापलं. टीव्हीवर नकाशे आणि बाण आले, शहरात सायरनची तालीम झाली. सर ओट्यावर बसून सायरन ऐकत होते. "सूर जुनाच आहे," म्हणाले. आठवडाभरात शहर फ्लेक्सनी भरलं. सरांचं निरीक्षण असं, की पूर्वी पोस्टरात लढणारा मोठा असायचा आणि छापणाऱ्याचं नाव कोपऱ्यात बारीक. आता लढणारा कोपऱ्यात आणि शुभेच्छुक मध्यभागी, गॉगल लावून.

त्या गडबडीत मोहल्ल्यातल्या मित्रमंडळाचा अध्यक्ष घरी आला. सरांचाच जुना विद्यार्थी. मनाने वाईट नव्हता; निवडणूक जवळ आल्यामुळे थोडा घाईत होता.

"सर, प्रत्येक वॉर्डाने आपापला वीर लावलाय. आपल्याकडनं पण एक पायजे. तुमचा भाऊ लढाईत गेला ना?"

"लढाईच्या दिवसांत गेला. लढाईत गेला की वाऱ्यात, ते दर्याला विचार."

"एकच झालं ना, सर."

"तो कौलं घेऊन चालला होता रे."

"देशाचीच कौलं ना," अध्यक्ष म्हणाला. "फोटो द्या, बाकी माझ्यावर सोडा."

"फोटो नाही."

"बघू, करू काय तरी," म्हणत तो चहा पिऊन गेला.

पुढच्या आठवड्यात सर अलोऱ्याला एका जुन्या सहकाऱ्याकडे दोन दिवस राहायला गेले. परतीच्या दिवशी दुपारी मला त्यांचा फोन आला.

"हातखंब्याला उतरलोय. स्कूटर घेऊन या जरा."

"काय झालं? एसटी बंद पडली?"

"नाही. भाई भेटला."

मी पोचलो तर तिठ्यावर वडापावच्या गाड्या आणि ट्रकांच्या गर्दीवर मान काढून तो उभा होता. पांढरी टोपी, आडवा हात, हनुवटीची खळी. सायीसारखा गोरा. खाली भाईचं पूर्ण नाव आणि 'अमर वीर'. त्याच्या खाली गोल चौकटींत मंडळाची सगळी कार्यकारिणी. सर कुठे दिसेनात. शेवटी फ्लेक्सच्या मागे गेलो. बांबूंच्या सांगाड्याला एक हात लावून ते मागच्या पांढऱ्या पडद्याकडे बघत उभे होते.

"मागे काहीच नाही हो," म्हणाले. "नुसतं पांढरं. डागसुद्धा नाही."

मग मला पुढे घेऊन आले आणि वर बोट दाखवलं. "मी इथे जागा आहे, एवढंच ठेवलंय. खालची ओळ काढली. मी वाचली नव्हती तीच." मग म्हणाले, "माझाच विद्यार्थी. चांगला शिकलाय."

आम्ही तसेच अध्यक्षाच्या ऑफिसात गेलो. तो उठून उभा राहिला, खुर्ची पुसली. फोटो भाभींनीच मोबाईलवर काढू दिला, हे त्याने विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"तो भाई नव्हे," सर म्हणाले. "काढ तो."

"सर, तो तसा दिसत नसणार ते मला पण कळतं. तुमच्या घरात असा गोरा कोण आहे?" तो हसला, पण मग गंभीर झाला. "काढायचा कशाला? कसा होता ते सांगा. पोरगा कॉम्प्युटरवर बसलाय, आत्ता बदलून देतो. खरा भाई लावू. मला पण तेच पायजे."

सरांना हे अपेक्षित नव्हतं. ते खुर्चीत सरसावून बसले. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा.

"रंगाने काळा," म्हणाले.

"हां."

"पुढचा एक दात तुटलेला. कप्पी लागून."

"हां. नाक?"

"नाक…" सर म्हणाले. "नाक सरळ."

मी त्यांच्या बसक्या नाकाकडे बघितलं.

"डोळे?"

"डोळे जरा वर उचललेले. लांब बघितल्यासारखे. आणि हनुवटीला…"

 त्यांचं बोट त्यांच्या स्वतःच्या हनुवटीवर होतं, जिथे खळी असती तर असती.

अध्यक्ष वाट बघत राहिला. पोरगा माउसवर हात ठेवून वाट बघत राहिला.

"हनुवटीला काय, सर?"

"काही नाही," सर म्हणाले. "राहू दे. तोच असू दे."

बाहेर आल्यावर ते स्कूटरजवळ नुसते उभे राहिले. "दात तुटला होता हे मला माहीत आहे," म्हणाले. "पण दिसत नाही. दिसतो तो ह्या गोऱ्याचाच तुटका दात. भाईला बघितलेलं माणूस आता मी एकटाच उरलोय. आणि माझ्याकडे तो नाही."

 ज्याने गावाला पोस्टरांपासून सावध राहायला शिकवलं, त्याला घरातल्या पोस्टराने गाठलं होतं. मी स्कूटर सुरू केली. ते मागे बसले.

बंदराच्या उतारावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी ब्रेक लावायला लागलो तर म्हणाले, "थांबवू नका. चालवत राहा." मी चालवत राहिलो. घराचा रस्ता मागे पडला. मांडवीपर्यंत गेलो, वळलो.

"भाईच्या मानेवर शिबं होतं," मागून आवाज आला. "पांढरं. इथे, केसांच्या खाली. सदऱ्याच्या कॉलरला मीठ सुकून कडक झालेलं असायचं. मला कपाळ टेकायला टोचायचं." थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "मला सायकलवर मागे बसवून शाळेत सोडायचा हो, घरी असला की. मी त्याला समोरून बघितलाय कुठे एवढा? मी सगळा वेळ मागेच."

घरी आलो तेव्हा भाभी दारात उभ्या होत्या. फ्लेक्सची बातमी आमच्याआधी पोचली होती.

"मीच काढू दिला फोटो," त्या म्हणाल्या. "तुम्ही रागवा हवं तर. पण हल्ली बाहेर एखादं तसं लागलेलं असलं तर बरं असतं. लोक विचारतात ना."

"कोण विचारतं?"

"कुणी नाही विचारत," भाभी म्हणाल्या. "पण विचारतील असं वाटत राहतं."

सर रागावले नाहीत. ओट्याच्या पायरीवर बसले, चपला काढल्या. "सगळ्यात चांगलं पोस्टर तेच," एवढंच म्हणाले. "ज्याने काही विचारलेलं नसतं, तरी आपण उत्तर घेऊन उभे असतो."

मग त्यांनी मला पकड आणायला सांगितली. चौकट भिंतीवरून उतरवली, मागच्या फळीचे गंजलेले खिळे मी एकेक करून काढले. सबंध आयुष्य कागद पालथे करणाऱ्या या माणसाने हा एक कागद कधी पालथा केला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा केला.

मागे विशेष काही नव्हतं. जकातीच्या भिंतीचा चुना, पोपडे. फाटलेल्या चिरेवर मागून भाताच्या पेजेने डकवलेला एक कापडाचा तुकडा, आईच्या जुन्या पातळाचा असावा. पेज सुकताना त्यावर बोटं दाबलेल्या जागा तशाच राहिल्या होत्या. सर त्या जागांवर आपली बोटं ठेवून बराच वेळ बसले. नंतर पोस्टर तसंच, पाठीमागची बाजू पुढे करून चौकटीत घातलं आणि भिंतीवर होतं तिथे टांगलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी भाईच्या नावाने फातेहा पढली. मला बोलावलं होतं. माणसं थोडी होती. अध्यक्षही आला, टोपी घालून, मागच्या ओळीत मान खाली घालून बसला. दुआसाठी हात उचलले तेव्हा सर रडले. सरांना रडताना मी एरवी कधी पाहिलं नाही. आई-वडिलांच्या वेळेलाही ते रडले नव्हते, असं भाभी नंतर म्हणाल्या.

हातखंब्याचा फ्लेक्स कुणाला काढावा लागला नाही. पंधरवड्यात त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढला.

पाऊस संपता संपता सर गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचं मंडळाच्या मनात होतं; भाभींनी हात जोडून नको म्हटलं. माझं आता शहरात स्वतःचं घर आहे, पण अधूनमधून मोहल्ल्याकडे जाणं होतं. परवा असाच गेलो होतो. भाभींनी चहा केला. पोस्टरांच्या गठ्ठ्यांचं काय करायचं यावर बोललो, काही ठरलं नाही. तेवढ्यात अजान झाली. भाभी उठल्या, हातपाय धुऊन वजू करून आल्या आणि मुसल्ला पसरण्याआधी त्यांनी भिंतीकडे जाऊन तो हिरवा पडदा ओढायला घेतला.

मी बसलो होतो तिथून या वेळी आतलं दिसत होतं. पिवळा कागद, चुन्याचे डाग, कापडाचा तुकडा.

"भाभी," मी म्हटलं, "आता त्यात चित्र कुठे आहे झाकायला?"

त्यांनी कडी नीट शेवटपर्यंत सरकवली.

"पाठमोरा आहे," त्या म्हणाल्या. "पण आहे ना."